माडीवरचा माणूस: श्राव्य मालिकेच्या कामाच्या नोंदी, लष्कर, ग्वाल्हेर

५ नोव्हेंबर २०२५

चौकट ठरली. २० भाग, प्रत्येकी १२ मिनिटं, फक्त आवाज. काळ १९७२ चा, जागा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला एक सरदारी वाडा. मध्य भारतात १९५१ च्या कायद्यानं जहागिऱ्या गेल्या, तेव्हा या घरात उरलंय ते एवढंच: वाडा, रस्त्याच्या अंगाची भाड्यानं दिलेली चार दुकानं, थोडं सोनं आणि भरपूर मान. गोष्टीत एक न होऊ शकणारं लग्न, एक दत्तक आणि माडीवर कुलपात ठेवलेला एक माणूस.

अभ्यासाला 'डार्क शॅडोज' ही अमेरिकन मालिका घेतली आहे. डॅन कर्टिसनं उभी केलेली, एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ पर्यंत दुपारच्या वेळी चाललेली, एकूण १,२२५ भागांची. मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट हे काल्पनिक बंदर, कॉलिनवुड ही हवेली आणि तिच्यात कॉलिन्स घराणं. व्हँपायर, चेटकीण, लांडगामानव सगळं आहे. आपल्याला त्यातलं काही उचलायचं नाही. पाहायचं ते इतकंच की पाच वर्षं ही माणसं एका छताखाली कोंडून कशी ठेवली. साध्या प्रेमकथेत मन मोडलं की माणूस गाव सोडतो. इथे सोडता येत नाही, कारण ज्याच्यापासून पळायचं तो नात्यातलाच निघतो. संध्याकाळी जेवायला त्याच पंगतीला बसायचं असतं.

९ नोव्हेंबर

१७९५ चं कथानक कागदावर मांडलं. नोव्हेंबर १९६७ मध्ये व्हिक्टोरिया विंटर्स ही गव्हर्नेस प्लँचेटच्या बैठकीतून थेट १७९५ मध्ये जाऊन पडते आणि पुढचे चार महिने मालिका तिथेच मुक्काम ठोकते. रोजच्या मालिकेनं चालू काळ इतके दिवस बाजूला ठेवणं हे धाडसच होतं.

बार्नाबस कॉलिन्सचं लग्न मार्टिनिकहून येणाऱ्या जोसेटशी ठरलेलं आहे. अँजेलिक ही तिच्या माहेरची दासी. तिचं आणि बार्नाबसचं आधी सूत जुळलेलं, आता तो तिला झिडकारतो. ती चेटूक करते आणि जोसेटचं मन फिरवते ते जेरेमायाकडे, म्हणजे बार्नाबसच्या सख्ख्या काकाकडे. दोघं पळून जाऊन लग्न करतात. द्वंद्वात बार्नाबसच्या हातून काका जातो. मग धाकटी बहीण सारा आजारी पडते. तेही अँजेलिकचंच काम, आणि तिला बरं करण्याच्या बदल्यात ती बार्नाबसकडून लग्नाचं वचन घेते. खरं कळल्यावर तो तिच्यावर गोळी झाडतो. मरते आहे असं वाटून ती शाप देते: तुझ्यावर जो प्रेम करील तो मरेल. पुढे सारा जाते, जोसेट कड्यावरून उडी घेते, आई नेओमी विष घेते.

लिहिताना पाहायचं ते हे. अँजेलिकचा सूड दर पायरीला नातं बदलून जातो. आधी काका, मग बहीण, शेवटी आई. जोसेटला एखाद्या खलाशानं पळवलं असतं तर गोष्ट एका आठवड्यात आटोपली असती. काकानं पळवलं म्हणून बापालाही बाजू घ्यावी लागते. भाऊ की मुलगा?

त्या बापाचं, जोशुआचं, वागणं या कथानकात सगळ्यांत भारी आहे. मुलगा व्हँपायर झाला हे कळल्यावर त्याच्यानं त्याला मारवत नाही. शवपेटीत घालून, साखळ्या बांधून तो त्याला कबरस्थानातल्या गुप्त खोलीत ठेवतो आणि बाहेर सांगतो, बार्नाबस इंग्लंडला गेला. १९६७ मध्ये विली लूमिस दागिन्यांच्या आशेनं ती पेटी उघडतो, आणि बार्नाबस कॉलिनवुडच्या दारात उभा राहून म्हणतो, मी इंग्लंडच्या शाखेतला तुमचा भाऊ. बापानं अब्रू झाकायला मारलेल्या थापेचा हात धरून मुलगा जवळपास पावणेदोनशे वर्षांनी घरात शिरतो. हवेलीची मालकीण एलिझाबेथ त्याला जुनं घर राहायला देते, कारण नातेवाइकाला नाही कसं म्हणायचं?

आपल्याकडे हेच हवं. घराण्यानं बाहेर सांगितलेली थाप पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे. नुसती झाकलेली गोष्ट उघडी पडली तर एक भाग चालतो, दुसऱ्याला कोणी थांबत नाही.

१२ नोव्हेंबर

आणखी दोन गाठी त्याच मालिकेतल्या. एलिझाबेथ कॉलिन्स स्टॉडर्ड १८ वर्षं हवेलीच्या आवाराबाहेर पडलेली नाही. नवरा आपल्या हातून मेला आणि तळघरात पुरला आहे, अशी तिची समजूत. जेसन मग्वायर त्याच जोरावर तिला लग्नाला भाग पाडतो. बोहल्यावर ती कबूल करते, खणून पाहतात तर तळघरात कोणी नाही. गुपित खोटं निघालं तरी १८ वर्षं खरी होती, म्हणून प्रसंग फसवा वाटत नाही.

दुसरी १८९७ ची. क्वेंटिन कॉलिन्सची वेडी बायको जेनी घरच्यांनी मनोऱ्यात लपवली आहे. ती त्याच्या हातून मरते. तिची बहीण मॅग्डा त्याला लांडगामानव होण्याचा शाप देते, वंशासकट. मागाहून कळतं की जेनीला जुळी मुलं झाली होती. म्हणजे शाप स्वतःच्या भाचराला लागला. इतकी घट्ट गाठ या मालिकेत दुसरी नाही. जो सूड घेतो त्याचंच रक्त समोरच्या घरात असावं, ही आपली मुख्य अट.

सोडून द्यायचंही त्यात खूप आहे. व्हिक्टोरियाची आई कोण, या प्रश्नावर मालिका सुरू झाली आणि त्याचं उत्तर पडद्यावर कधीच आलं नाही. २० भागांत असला उधार ठेवता येत नाही.

१६ नोव्हेंबर

आजचा दिवस कायद्यात गेला आणि कथा तिथेच सापडली.

हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, १९५६. कलम ११: मुलगा दत्तक घ्यायचा तर घेणाऱ्याला त्या वेळी हयात असलेला हिंदू मुलगा, नातू किंवा पणतू असता कामा नये. मुलगा वेडा आहे, परांगदा आहे, याची सूट नाही. हयात नसावा, एवढंच. अट मोडून झालेलं दत्तक रद्दबातल, आणि रद्दबातल दत्तकानं नव्या घरात काही हक्क येत नाही, जन्मघरचा जातही नाही.

यावरून गोष्ट अशी. आईसाहेब विधवा. एकुलता मुलगा बाळासाहेब तरुणपणीच भ्रमिष्ट झाला. घरचं एक ठरलेलं लग्न त्याच्या पायी मोडलं, तेव्हा त्यांनी त्याला माडीवर ठेवला आणि ३ फेब्रुवारी १९५४ च्या प्रयागच्या कुंभमेळ्यातल्या चेंगराचेंगरीत तो गेला असं जाहीर केलं. त्या दिवशी इतके लोक चिरडले गेले की कोणी खोदून विचारलं नाही. सात वर्षं ज्याची खबरबात नाही त्याला कायदा मृत धरू शकतो. १९६१ मध्ये ती सात वर्षं भरल्यावर आईसाहेबांनी दत्तक घेतलं. मुलगा १४ वर्षांचा, म्हणजे कायद्याला हवा तसा १५ च्या आतला. विधवेला हा अधिकार १९५६ च्या कायद्यानं आहे. दत्तकपत्र नोंदवलेलं. नोंदणी झाली की कोर्ट दत्तक वैध धरूनच चालतं, खोटं ठरवायचं ओझं दुसऱ्यावर.

आता १९७२. दत्तक माधवराव २५ वर्षांचे. इंदू ही आईसाहेबांच्या धाकट्या दिरांची, काकासाहेबांची, मुलगी, बडोद्याला आजोळी वाढलेली, २२ व्या वर्षी लष्करात परतलेली. दोघांचं जुळतं. नात्यानं मात्र ती चुलत बहीण, सपिंड, म्हणजे कायद्यानं लग्न न चालणारी. आईसाहेब कडाडून आड येतात.

आणि ज्या गोष्टीनं हे लग्न होऊ शकतं ती घरच्यांत फक्त त्यांनाच ठाऊक आहे. बाळासाहेब आज जिवंत आहेत, म्हणजे १९६१ मध्येही होते. म्हणजे दत्तक झालंच नाही. म्हणजे माधव आणि इंदू एकमेकांचे कोणी नाहीत, आणि लग्न करायला मोकळे आहेत. फक्त माधव मग या घरचाही कोणी नाही.

पहिल्या आराखड्यात इंदू आईसाहेबांचीच मुलगी होती. कायद्यानं गाठ तशीच बसते, पण ऐकणारा तिसऱ्या भागात बंद करील. चुलत आणि आजोळी वाढलेली, हे प्रमाण बरोबर आहे.

१७ नोव्हेंबर

मुलगा कुठून दत्तक घेतला यावर सगळा डोलारा आहे. भाऊबंदकीतला घेतला, जसा बहुतेक घरांत घेतात, तर दत्तक रद्द झालं तरी रक्तानं तो इंदूचा भाऊच राहतो आणि शेवटची कलाटणी कोसळते. म्हणून तो आईसाहेबांच्या माहेरचा, भावाचा मुलगा. इंदूशी रक्ताचा संबंध शून्य. वर फायदा असा की माहेरचा आणून बसवला म्हणून काकासाहेब ११ वर्षं मनात धरून आहेत. खलनायक वेगळा शोधायला नको.

१५ च्या आतली आणखी एक सोय. १४ वर्षांच्या मुलाला जन्मघरचं सगळं आठवतं. आधीचं नाव वसंता, दत्तकविधानात बदललेलं. इंदूच त्याला एकदा वसंता म्हणते, सहाव्या भागात. तिला कसं कळलं ते सातव्यात.

२३ नोव्हेंबर

लग्न लांबवायचं कसं? परदेशी मालिका स्मृतिभ्रंश, अपघात, चेटूक वापरतात. आपल्याकडे पंचांग आहे. १९७२ चं जुनं पंचांग काढलं: त्या साली अधिक वैशाख होता, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. इंदूसाठी काकासाहेबांनी आणलेलं दुसरं स्थळ चैत्रात पक्कं होतं, अधिकात मुहूर्त नाही, म्हणजे निज वैशाख. जुलैच्या उत्तरार्धात आषाढी एकादशी, तिथून चातुर्मास. याचा अर्थ मे-जूनचीच काय ती खिडकी. मधे एखादं सुतक टाकलं की आणखी १० दिवस गेले. पहिले १३ भाग फाल्गुन ते अधिक वैशाख, पुढचे सात निज वैशाख ते आषाढी. कोणालाही पायरीवरून पाडावं लागलं नाही.

संवादात एक धोका आहे. इथे घरात मराठी पंचांग चालतं आणि दाराबाहेर हिंदी. वद्य पक्षात महिन्याचं नाव एकानं पुढे असतं. प्रयागची ती अमावस्या आईसाहेबांच्या तोंडी पौष अमावस्या, रामकली मोलकरणीच्या तोंडी माघ की अमावस. एकाच तिथीबद्दल बोलतायत हे ऐकणाऱ्याला कळावं म्हणून चौथ्या भागात दोघींचं एक वाक्य समोरासमोर ठेवलं.

त्या तिथीला दर वर्षी बाळासाहेबांचं श्राद्ध होतं. देह मिळाला नव्हता म्हणून १९५४ मध्ये पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करून अंत्यविधी, झाला, आणि १९६१ पासून भाऊ या नात्यानं पिंड माधव देतो. खाली पिंडदान, वर तोच माणूस. पान वाढून झालं की त्याच स्वयंपाकाचं एक ताट मागच्या जिन्यानं माडीवर जातं. या प्रसंगाला पार्श्वसंगीत लावायचं नाही.

काळ पक्का करायला आठव्या भागात रेडिओवर बातमी: एप्रिल १९७२, जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर चंबळच्या डाकूंनी शस्त्रं ठेवली. ग्वाल्हेरात त्या आठवड्यात दुसरा विषय नसणार. वकीलसाहेब उशिरा येतात ते त्यामुळेच.

३० नोव्हेंबर

वंशवेलीचा तक्ता भिंतीवर आहे. काळी रेघ रक्ताची, हिरवी दत्तकाची, लाल प्रेमाची, तुटक रेघ जी कोणीतरी लपवली आहे तिची. दिसायला छान, पण त्यावरून भाग लिहिता येत नाही. तो नाती सांगतो. कोणाला काय ठाऊक आहे ते सांगत नाही.

म्हणून दुसरा तक्ता. उभ्या ओळीत सात पात्रं, आडवे २० भाग, प्रत्येक गुपिताला वेगळा कागद. चौकटीत रिकामं म्हणजे माहीत नाही, टिंब म्हणजे संशय, फुली म्हणजे माहीत, फुलीभोवती गोल म्हणजे 'याला माहीत आहे' हे दुसऱ्या कोणाला कळलंय. चौथी खूण सगळ्यांत कामाची. बहुतेक चांगले प्रसंग फुलीला गोल पडतो तिथे होतात.

रामकलीला माणूस माहीत आहे, कायदा माहीत नाही. वकिलांना कायदा माहीत आहे, माणूस माहीत नाही. पहिल्या १० भागांत हे दोघं एका खोलीत येता कामा नयेत. अकराव्यात ती त्यांना पाणी आणून देते आणि म्हणते, 'छोटे मालिक के लिए भी लस्सी बना दूँ?' आईसाहेब म्हणतात, माधव बाहेर गेलाय. वकील मान डोलावतात. पण 'भी' त्यांच्या कानात राहतो. बस, एवढ्यावर सगळं. तक्ता नसता तर हा प्रसंग तिसऱ्या भागातच वापरून मोकळे झालो असतो.

तक्त्यानं दाखवलेला दोष: काकासाहेबांच्या ओळीत सातव्या भागापासून चौदाव्यापर्यंत एकही बदल नाही. जो आठ भाग काही नवं शिकत नाही तो नुसता ओरडत राहतो. त्यांना नवव्या भागात संशयाचं टिंब दिलं, पण चुकीचं: माडीवर आईसाहेबांनी सोनं दडवलंय. म्हणून ते कुलूप उघडायच्या मागे लागतात.

७ डिसेंबर

पात्रं १२, आवाज ७. 'डार्क शॅडोज'मध्ये भूतकाळात गेल्यावर तेच नट पूर्वज व्हायचे. जोन बेनेट एलिझाबेथही आणि नेओमीही. लुई एडमंड्स रॉजर आणि जोशुआ. कॅथरीन ले स्कॉट मॅगी आणि जोसेट, आणि त्या सारखेपणावरच बार्नाबसचं मॅगीला जोसेट बनवण्याचं वेड उभं. काटकसर कथेच्या उपयोगी पडली. ग्रेसन हॉल तर डॉक्टर ज्युलिया हॉफमन, काउंटेस नताली आणि ती मॅग्डाही.

पडद्यावर वेश सांगतो की काळ बदललाय. आवाजात वेश नाही. त्यामुळे नियम वेगळा: एकच आवाज दोन पात्रांना फक्त तेव्हाच, जेव्हा नातं कानाला कळायला हवं. १९५४ च्या प्रसंगांतले तरुण काकासाहेब आणि १९७२ मधले, वेगळे दोघं. बाळासाहेब आणि माधव मात्र एकच. ऐकणाऱ्याला पंधराव्या भागात माडीवरून माधवचाच आवाज आल्यासारखा वाटला पाहिजे. दोघं आतेमामे भाऊ, राहतात एकाच घरात, आणि आईसाहेबांनी एका मुलाच्या जागी दुसरा बसवला, हे सांगायला वेगळं वाक्य लागत नाही. फरक वेगाचा: माधव मिनिटाला साधारण १२० शब्द, बाळासाहेब ७० च्या आत, वाक्याच्या मधेच थांबणारे.

१८ डिसेंबर

ध्वनिमुद्रण सुरू. मुद्दाम खरमास, म्हणजे लग्नं न होणारा महिना, लागल्यावर. देवउठनीपासून, म्हणजे कार्तिकी एकादशीपासून, रोज रात्री बँड आणि डीजे, त्यात संवाद घेणं अशक्य. १६ डिसेंबरनंतर संक्रांतीपर्यंत वराती नाहीत, थंडीमुळे पंखेही बंद. रात्री ११ ते पहाटे ४ ही वेळ. साडेचारनंतर मोर ओरडतात, ते काढून टाकता येत नाहीत.

दिवाणखान्याची फरशी दगडी, छत उंच, टाळी वाजवली की घुमते. कथा वाड्यातली म्हणून घुमारा हवाच, असं वाटतं खरं. पण मुद्रणातच घुमारा आला तर संवाद कापून जोडता येत नाहीत, प्रत्येक जोडाला शेपूट तुटल्याचं ऐकू येतं. म्हणून आवाज कोरडा घ्यायचा, घुमारा नंतर घालायचा. आतल्या कोठीच्या खोलीत बांबूवर रजया टांगल्या, तिन्ही बाजूंनी, खाली जाजम, त्यावर गादी. माइक तोंडापासून एक वीत, किंचित तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ' चा फुत्कार सरळ बसत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वांत मोठा आवाज वजा १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकी पातळी. आईसाहेब कुजबुजतात तेव्हा पातळी वाढवायची नाही, त्यांना माइकजवळ घ्यायचं.

प्रत्येक खोलीची मिनिटभर शांतता वेगळी घेतली. दोन वाक्यांमधल्या पोकळीत तीच भरायची, नाहीतर पोकळी कानाला खड्डा लागते.

जुन्या वायरिंगमुळे ५० हर्ट्झची गुणगुण येत होती. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवल्यावर गेली.

२१ डिसेंबर

पावलं. जुन्या लाकडी माडीवर खडावा घालून चालवलं, माइक वरच ठेवून. खाली बसलेल्या माणसाला ती कशी ऐकू येतील? तक्तपोशीवर, म्हणजे फळ्यांच्या छतावर, मातीचा थर असतो, तो बारीक आवाज गिळतो आणि जड धप्प तेवढी खाली उतरते. म्हणून पहिल्या चार भागांत ४०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं. धप्प, धप्प, थांबणं. पाचव्यापासून हा कापा थोडा थोडा वर नेला, कारण इंदू जिन्याच्या जवळजवळ जाते आहे. पंधराव्यात दार उघडतं आणि खडावांची टकटक पहिल्यांदा पूर्ण ऐकू येते. अंतर सांगायला दुसरी युक्ती लागली नाही.

झोपाळ्याची करकर रिकाम्या झोपाळ्यावर मिळत नाही, कडीवर वजन पडावं लागतं. ६० किलोच्या आसपासचं माणूस बसवून, माइक कडीपाशी. तेल घातलेली कडी बोलत नाही, तेव्हा आधी पुसून घ्यायची.

किल्ल्यांचा जुडगा हा आईसाहेबांचा खरा आवाज. त्या बोलायच्या आधी तो ऐकू येतो. पितळी किल्ल्या छान वाजतात पण चढ्या, लोखंडी मंद. सात लोखंडी आणि एक पितळी. ती एक पितळी माडीची. कान तयार असलेल्याला दहाव्या भागापर्यंत ती ओळखू येईल, बाकीच्यांनी नाही ओळखली तरी बिघडत नाही.

२८ डिसेंबर

बोलण्यातलं. घरात आईसाहेबांना सगळे 'आपण'. त्या माधवला चारचौघांत 'माधवराव', एकटे असताना 'बाळ'. ही 'बाळ' हाक पूर्वी बाळासाहेबांची होती. माधव आईसाहेबांना कधीच नुसतं 'आई' म्हणत नाही, जन्मदात्री दुसऱ्या गावात आहे. इंदू बडोद्याची, तिच्या बोलण्यात आजोळचा मोकळेपणा. ती पहिल्या दोन भागांत सगळ्यांना 'तुम्ही' म्हणते आणि काकासाहेब डोळे वटारतात. माधवला ती 'दादा' म्हणायला तयार नाही, आणि ते न म्हणणं आईसाहेबांच्या लक्षात येतं. तिसऱ्या भागात त्या भरल्या पंगतीत तिला सांगतात, 'दादाला तूप वाढ.' ती वाढते, न बोलता.

नोकर हिंदीत बोलतात, घरातली माणसं त्यांच्याशी हिंदीत. हे मराठीत फिरवायचं नाही.

४ जानेवारी २०२६

बारावा भाग, अनारशांचा. अधिक मासात जावयाला ३३ अनारसे द्यायचे. काकासाहेबांची थोरली मुलगी आणि जावई आलेत. तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून, सावलीत वाळवून, कुटून, गूळ घालून, पीठ मुरवून ठेवलेलं. आईसाहेब स्वतः कढईपाशी. खसखशीची बाजू वर ठेवून एक एक सोडतात, झाऱ्यानं वर तूप उडवतात.

ताटात मोजले तर ३२. रामकली म्हणते, एक हसला, टाकून दिला. हसलेला अनारसा तुपात विरघळून पसरतो, तूप गढूळ होतं, तळाशी खसखस राहते. इंदू कढईत पाहते. तूप स्वच्छ आहे. ती काही बोलत नाही, फक्त विचारते, 'मग एक आणखी तळू का?' आणि वर धप्प होतं. एकदाच.

पहिल्या मसुद्यात इंदू इथेच जिन्याकडे धावत होती. काढलं. ती तेहेतिसावा तळते, तो नीट होतो, ताट बाहेर जातं, जावई हसतात. जिन्याकडे ती रात्री जाते, तेराव्या भागात. तुपाच्या चुरचुरीखाली तो धप्प दबू नये म्हणून चुरचुर त्या क्षणी सहा डेसिबलनं उतरवली. बर्नर मंद केल्याचा आवाज आधी टाकला, म्हणजे कारण मिळतं.

११ जानेवारी

पहिले सहा भाग जुळवून झाले. अंतिम पातळी वजा १६ एलयूएफएस (आवाज कानाला सरासरी किती मोठा लागतो ते मोजायचं एकक), सर्वोच्च टोक वजा १ डेसिबल. हेडफोननं ऐकल्यावर सगळं ठीक, फोनच्या स्पीकरवर पहिल्या चार भागांतली पावलं पूर्ण गायब. छोटा स्पीकर खालचे स्वर वाजवतच नाही. ४०० ऐवजी ७०० हर्ट्झवर कापलं आणि पावलाबरोबर वरच्या तक्तपोशीतून माती झरल्याचा हलका आवाज घातला. आता रस्त्यावर ऐकणाऱ्यालाही वर कोणीतरी आहे हे कळतं.

तिसऱ्या भागात पंगतीचा प्रसंग दीड मिनिट लांब आहे. वाढणं कमी करायचं, तूप राहू द्यायचं.

१३ जानेवारी

शेवटच्या भागाचा वाद मिटला. वकील कागद पुढे ठेवतात. आईसाहेबांनी सही केली तर बाळासाहेब हयात ठरतात, दत्तक रद्द होतं, लग्नाला आडकाठी उरत नाही, आणि माधव वाड्यातून बाहेर. न केली तर इंदू दुसऱ्या स्थळी जाते, आणि माधव या घरचा मुलगा राहतो. दोन्हीकडे एक मुलगा जातोच. सही आईसाहेबांनी करायची नाही असं ठरलं. माधव स्वतः काकासाहेबांना माडीची किल्ली देतो. सोनं शोधायला गेलेले काकासाहेब बाळासाहेबांसमोर उभे राहतात आणि साक्षीदार होतात. ज्याला दत्तक मोडायचं होतं त्याच्याच तोंडून ते मोडतं, आणि त्याच्याच मुलीचं लग्न सुटतं, नको त्या जावयाशी.

बाकी: अठराव्या भागातल्या आईसाहेबांच्या ओळी पुन्हा घेणं, थंडीनं आवाज बसलाय. पितळी किल्लीचा एकटा आवाज अजून हवा, जवळून आणि लांबून. हे वराती पुन्हा सुरू व्हायच्या आत झालं पाहिजे.